अस्मितेचा आरसा : डॉ. गंगाधर पानतावणे यांचे जीवन आणि कार्य

परिवर्तनाच्या चळवळीचा इतिहास लिहिताना मोर्चे, सत्याग्रह आणि परिषदा यांची नोंद होते. परंतु त्या चळवळीचा विचार कागदावर उतरवणारे, तो तपासणारे आणि पुढील पिढीच्या हाती सोपवणारे वैचारिक लेखक बहुधा या नोंदीबाहेर राहतात. इतिहासाचे अध्यापन करताना ही उणीव आम्हांस सतत जाणवते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने निबंधकार, समीक्षक आणि संपादक डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या कार्याचा परिचय विद्यार्थ्यांना करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

पानतावणे सरांचा जन्म २८ जून १९३७ रोजी नागपूर येथे झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नगरीत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली, तेव्हा सर एकोणीस वर्षांचे होते. नागपुरातील शिक्षणानंतर ते औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात मराठीचे अध्यापक झाले आणि पुढे तेथील विद्यापीठाच्या मराठी विभागात त्यांनी अध्यापन केले.

मिलिंद महाविद्यालय हे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये स्थापन केले. घराण्यात प्रथमच अक्षर गिरवणारी खेड्यापाड्यांतील मुले नागसेनवनातील वसतिगृहांत राहून तेथे शिकत. या मुलांपाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते. परंतु त्यांचे अनुभव आणि त्यांची घरची बोली यांना तत्कालीन प्रतिष्ठित नियतकालिकांत क्वचितच जागा मिळे. गावकुसाबाहेरच्या जीवनाविषयी जे छापले जाई, ते बहुतांशी इतरांनी लिहिलेले असे. आपले दुःख दुसऱ्याच्या शब्दांत वाचावे लागणे, हीदेखील एक प्रकारची मुकी गुलामगिरीच होय.

या परिस्थितीत, १९६७-६८ च्या सुमारास, प्राचार्य म. ना. वानखेडे आणि त्यांचे सहकारी यांच्यात स्वतंत्र व्यासपीठाचा विचार सुरू झाला आणि त्यातून एक त्रैमासिक उभे राहिले. प्रारंभी ‘अस्मिता’ व लवकरच ‘अस्मितादर्श’ या नावाने ओळखले गेलेले हे नियतकालिक पानतावणे सरांनी सुमारे अर्धशतक चालवले. ‘आदर्श’ या शब्दाचा एक अर्थ ‘आरसा’ असाही आहे. ज्या समाजाला शतकानुशतके इतरांच्याच आरशात स्वतःचे विद्रूप रूप पाहावे लागले, त्याच्या हाती स्वतःचा आरसा आला, असे या कार्याचे वर्णन आम्ही करू. नवोदितांना येथे लिहिण्यास जागा मिळाली आणि ‘अस्मितादर्श’च्या मेळाव्यांतून लेखक व वाचक समोरासमोर आले.

या कार्यामागे जुनी परंपरा होती. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ काढले. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे सुरू केली. बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर सरांनी पीएच.डी.साठी संशोधन केले आणि ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. ‘मूल्यवेध’, ‘दलित वैचारिक वाङ्मय’, ‘वादळाचे वंशज’ हेही त्यांचे उल्लेखनीय ग्रंथ होत.

‘दलित’ या शब्दाचा त्यांनी लावलेला अर्थ अभ्यासकांनी वारंवार उद्धृत केला आहे. त्यांच्या मते दलित ही जात नव्हे. ते परिवर्तनाचे व क्रांतीचे प्रतीक आहे. माणसाला गुलाम करणारे ईश्वर, पुनर्जन्म आणि भेदभाव शिकवणारे धर्मग्रंथ नाकारून मानवतेवर विश्वास ठेवणारा तो दलित. या अर्थामुळे शब्दातील दैन्य गळून पडते आणि नकाराबरोबर मूल्यांचा स्वीकारही येतो. अस्मिता म्हणजे जातीचा अहंकार नव्हे, हा बोध त्यातून आम्ही घेतो.

अस्मितेची किंमत किती मोठी असते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला. त्यानंतर दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. एका नावासाठी जेथे सुमारे सोळा वर्षे झुंजावे लागले, त्याच भूमीत ‘अस्मितादर्श’चे अंक निघत होते.

२००९ मध्ये अमेरिकेत भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सरांनी भूषविले. २०१८ च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ मार्च रोजी त्यांचे परिनिर्वाण झाले.

आमच्या निवासी विद्यार्थ्यांनी या चरित्रातून नेमके काय घ्यावे? पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. रोज एक पान लिहिणे अवघड आहे. आपल्या आजीने कोणाच्या शेतात राबून घर चालवले, वडिलांनी गाव का सोडले, वस्तीत पहिला दिवा कधी लागला, हे विचारून घ्यावे व आपल्या वहीत उतरवावे. घरच्या बोलीतला शब्द आला तर तो खोडू नये. जे आपण लिहिणार नाही, ते उद्या दुसरा कोणी त्याच्या सोयीने लिहील. शिक्षक म्हणून अशा वह्या वाचण्याचे काम आमचे. लेखणी मात्र तुम्हीच उचलावी.

जयभीम! नमो बुद्धाय!