कच्ची भाजी, वैशाखातले ऊन आणि टँकरचे पाणी



14 एप्रिल ते वैशाख पौर्णिमा हा आपल्या वस्त्यांतला कार्यक्रमांचा काळ. धाराशिव जिल्ह्यात नेमका तोच कडक उन्हाचाही. पारा चाळीसच्या पुढे जातो आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी अनेक गावांत टँकरच सुरू असतो.

काही वर्षांपूर्वी एका वस्तीत जयंतीच्या जेवणानंतर रात्री लेकरांना जुलाब लागले. सगळ्यांचा संशय वरणावर. मी घरोघर विचारत गेले, तेव्हा कळले की वरण-भात गरम गरम वाढला होता. काकडी-कांद्याची कोशिंबीर मात्र सकाळी नऊला चिरून ठेवलेली, आणि मिरवणूक लांबल्याने जेवण झाले दुपारी तीनला. सगळी काकडी एकाच टपातल्या पाण्यात बुचकळून काढलेली.

ऊब आणि ओलावा मिळाला की काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे सहा तासांत अडीच लाखांहून जास्त होतात. साल शाबूत असताना काकडी टिकते, चिरली की तिचे पाणी सुटते आणि जंतूंना खाद्य मिळते. लिंबू, दही घातले म्हणून ते मरत नाहीत. म्हणून कोशिंबीर पंगत बसताना चिरावी आणि उन्हाळ्यात तासाभरात संपवावी. उरलेली टाकून द्या, जीव हळहळला तरी.

आपण भाकरीबरोबर कांदा, मुळा, मेथी कच्ची खाणारी माणसे. खावीच, अंगाला चांगली असते. पण उन्हाळ्यात विहिरी आटल्या की काही ठिकाणी पालेभाजी नाल्याच्या सांडपाण्यावर निघते. अशी मेथी-कोथिंबीर शिजवूनच खा. गरोदर बाई, लहान लेकरे आणि आजाऱ्याला उन्हाळ्यात कच्चा पाला देऊच नये.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मेंदूत पट्टकृमीच्या गाठी होऊन फिट येते, तेव्हा ‘डुक्कर खाणाऱ्यांचा आजार’ म्हणून आपल्या लोकांना टोमणा मारतात. खरे असे आहे : अर्धकच्चे मांस खाल्ल्याने हा जंत आतड्यात होतो. त्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, उघड्यावरच्या घाणीतून भाजीच्या पानावर येतात. ती अंडी पोटात गेली की मेंदूत गाठी होतात. जन्मभर मांसाला न शिवलेल्यालाही हा आजार होतो. फिट आली तर चप्पल हुंगवत बसू नका, कुशीवर झोपवा आणि दवाखान्यात न्या. औषध आहे.

ही अंडी क्लोरिनने मरत नाहीत, मिठाच्या पाण्यानेही नाही. पान न् पान चोळून, वरून पाणी ओतून ती काढावी लागतात. पाणी कमी असेल तर असे करा. मुळे आणि माती आधी कोरडीच झटका. मग घमेल्यात थोड्या पाण्यात चोळून धुवा आणि ते पाणी झाडाला किंवा संडासाला वापरा. शेवटी पिण्यासाठी शुद्ध केलेले पाणी तांब्याने वरून ओता. काकडी, गाजर चिरण्याआधी धुवा. मटण कापलेली विळी भाजीला घेण्याआधी साबणाने घासा.

पाणी गढूळ असेल तर आधी चार पदरी सुती कापडातून गाळा, कारण गाळात क्लोरिन वाया जाते. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारात पाणी गाळायचे वस्त्र आहेच, आपल्याला ते नवीन नाही. मग आशाताईंकडच्या क्लोरिनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा.

टँकर किंवा नळाच्या पाण्यात क्लोरिन आहे का, हे ओटी चाचणीने लगेच कळते. क्लोरिन असेल तर पाणी पिवळसर होते. ही चाचणी बहुधा टाकीजवळच्या नळाला करून मोकळे होतात. आपल्या वस्तीतल्या शेवटच्या नळाला करा, असे ग्रामपंचायतीला सांगा. बायकांनी चौघींनी मिळून सांगावे, एकटीचे ऐकत नाहीत हा माझा अनुभव.

एवढे करूनही जुलाब लागलेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात ओआरएसची एक लिटरची पुडी. ती नसेल तर सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोट्या चहाच्या चमच्याने मोजून. घोट घोट पाजत राहा, अंगावरचे दूध बंद करू नका. लेकरू सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन लावा.