तिरंगी मांजर : अनुवंशाचा एक धडा

अंगावर काळा, नारिंगी आणि पांढरा असे तीन रंग असलेले मांजर दुरून दिसले, तरी ती भाटी आहे, बोका नव्हे, असे जवळजवळ छातीठोकपणे सांगता येते. उलट सगळे अंग नारिंगी असेल, तर तो बोका असण्याचा संभव अधिक. रंगावरून लिंग ओळखण्याची ही युक्ती अनुवंशशास्त्राने दिलेली आहे. माझा अभ्यासविषय मानसशास्त्र. ‘अनुवंश की परिस्थिती?’ हा वाद आम्हां विद्यार्थ्यांच्या पाचवीलाच पुजलेला आहे. या वादात एक तिसरा घटक बहुधा विसरला जातो, आणि तो समजावून द्यायला मांजरासारखा दुसरा शिक्षक नाही, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडी पूर्वतयारी करू. पेशीच्या केंद्रात गुणसूत्रे असतात. मांजरात त्यांच्या १९ जोड्या असतात, माणसात २३. त्यांपैकी एक जोडी लिंग ठरवते. मादीत या जोडीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. नरात एक एक्स व एक वाय. आईकडून पिल्लाला एक्सच मिळते. बापाकडून एक्स आले तर भाटी जन्मते, वाय आले तर बोका.

मांजराच्या केसांत दोन तऱ्हेची रंगद्रव्ये असतात : एक काळे-तपकिरी, दुसरे पिवळसर-तांबूस. केवळ दुसरेच तयार व्हावे असा हुकूम देणारे नारिंगी जनुक एक्स गुणसूत्रावर असते. वायवर ते नसते. पांढऱ्या रंगाचे प्रकरण निराळे आहे. ज्या भागात रंगपेशी पोहोचतच नाहीत तो भाग पांढरा राहतो; त्याचे जनुक एक्सवर नाही, म्हणून पांढरे ठिपके बोक्यात व भाटीत सारखेच आढळतात.

आता उदाहरणे घेऊ. आई नारिंगी व बाप काळा असेल, तर सगळे बोके नारिंगी होतील. कारण त्यांचे एकुलते एक एक्स आईचे आहे. मुलींना मात्र एक नारिंगी व एक काळे अशी दोन्ही एक्स मिळतील आणि त्या दुरंगी होतील. याउलट आई काळी व बाप नारिंगी असेल, तर बोके सगळे काळे आणि मुली पुन्हा दुरंगी. सारांश, नारिंगी-काळ्याच्या बाबतीत बोक्याचा रंग पाहायचा तर आईकडे पाहावे. बापाची चौकशी करण्याचे कारण नाही.

नारिंगी बोके अधिक का, याचेही गणित सोपे आहे. समजा, एखाद्या गावातील मांजरांत दर चार एक्सपैकी एक नारिंगी आहे. मग १०० बोक्यांत सुमारे २५ नारिंगी निघतील. भाटीला मात्र दोन्ही एक्स नारिंगी लागतात. ती शक्यता एक-चतुर्थांशाच्या एक-चतुर्थांश, म्हणजे १६ त एक. १०० भाट्यांत नारिंगी सुमारे ६ च.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. दोन्ही जनुके जवळ असताना दुरंगी भाटीच्या अंगावर दोन रंगांचे मिश्रण न होता वेगवेगळे ठिपके का पडतात? १९४९ मध्ये कॅनडात मरे बार व इवार्ट बर्ट्राम हे मांजरांच्या मज्जापेशी तपासत होते. माद्यांच्या पेशीकेंद्रात त्यांना एक गडद ठिपका दिसला. नरांत तो नव्हता. १९६१ मध्ये इंग्लंडमधील मेरी लायन यांनी उंदरांच्या अभ्यासावरून उलगडा केला : मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गर्भावस्थेतच मिटून जाते. कोणते मिटावे हे त्या त्या पेशीत निव्वळ योगायोगाने ठरते आणि तिच्यापासून झालेल्या सर्व पेशी तोच निर्णय पाळतात. बार यांचा ठिपका म्हणजे हे मिटलेले एक्स. जेथे काळे एक्स मिटले तेथे नारिंगी ठिपका, जेथे नारिंगी मिटले तेथे काळा. त्यांत पांढऱ्याची भर पडली की मांजर तिरंगी होते. क्वचित तिरंगी बोका सापडतो, त्याच्यापाशी बहुधा दोन एक्स व एक वाय अशी तीन लिंगसूत्रे असतात आणि तो सहसा वांझ असतो.

या नारिंगी जनुकाचा नेमका पत्ता मात्र फार उशिरा लागला. २०२५ मध्ये जपान व अमेरिका येथील दोन गटांनी दाखवून दिले की, एक्स गुणसूत्रावरील सुमारे पाच हजार अक्षरांचा एक तुकडा गळाल्यामुळे त्याच्या जवळचे जनुक रंगपेशींत एरवी नसते तेथे कामाला लागते.

योगायोगाचा सर्वांत बोलका पुरावा टेक्सासमधला आहे. तेथील विद्यापीठात २००१ च्या डिसेंबरात जगातील पहिले कृत्रिम प्रतिरूप मांजर जन्मले. जिच्या पेशीपासून ते घडवले ती भाटी तिरंगी होती. पिल्लात जनुके तीच, पण त्याच्या अंगावर नारिंगीचा मागमूसही नव्हता. कारण ज्या पेशीपासून ते झाले तिच्यातील नारिंगी एक्स मिटलेले होते, आणि ते तसेच मिटलेले राहिले. एकच अनुवंश असूनही सोंग निराळे!

मनुष्यस्त्रीच्या पेशींतही एक एक्स असेच मिटते. घामाच्या ग्रंथी न होऊ देणारा एक आनुवंशिक दोष एका एक्सवर वाहणाऱ्या स्त्रीच्या त्वचेवर काही भागांत घाम येतो, काही भागांत येत नाही. म्हणजे मांजराचेच ठिपके, फक्त डोळ्यांना न दिसणारे.

आणि मुलगा की मुलगी? आई एक्सच देऊ शकते. बापाच्या बीजातून एक्स यावे की वाय, हे कोणाच्याच इच्छेवर नाही. तरीही मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरे आपल्या अवतीभवती आहेत. शास्त्राच्या दृष्टीने हा आरोप दुहेरी खोटा ठरतो : निर्णायक गुणसूत्र तिचे नसते, आणि ज्याचे असते तोही ते निवडत नाही. जेथे योगायोग बोलतो तेथे आपण दोषी शोधत बसतो. अनुवंश आणि परिस्थिती यांच्या जोडीला योगायोगाचाही मान राखायला शिकलो, तर आपल्या हातून होणारे पुष्कळसे अन्याय टळतील, असे मला वाटते.