लंडनचे अग्निशामक आणि संघटनेचा हक्क

कामगार संघटना म्हटले की आपल्यासमोर बहुधा गिरणी किंवा कारखाना उभा राहतो. परंतु ज्याचे काम क्षणभरही थांबू शकत नाही, त्याने संघटना करावी का, हा प्रश्न अधिक अवघड आहे. लंडनच्या अग्निशामकांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

१८६६ मध्ये लंडनमध्ये सार्वजनिक खर्चाने चालणारे अग्निशामक दल सुरू झाले. त्याचे प्रमुख कॅप्टन शॉ भरतीत खलाशांना पसंती देत. उंचावर चढण्याची व दोर हाताळण्याची सवय हे त्याचे एक कारण. आज्ञापालनाची सवय हे दुसरे आणि, माझ्या मते, अधिक दूरगामी. जहाजावरील शिस्त अशा रीतीने ठाण्यात आली. ‘ब्रिगेड’ हा शब्दही मुळात लष्करीच. जवान ठाण्यातच राहत आणि ठरावीक सुटी वगळता रात्रंदिवस कामावर असत. घर आणि कामाची जागा एकच असल्याने ‘कामाचे तास’ ही कल्पना तेथे रुजणेच कठीण होते.

पहिल्या महायुद्धात महागाई भडकली. ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनच्या पोलिसांनी संप केला. त्याच वर्षी अग्निशामकांची कामगार संघटना स्थापन झाली. लंडन काउंटी कौन्सिल मात्र संघटनेला थेट मान्यता देण्यास राजी नव्हते. जवानांनी निवडलेल्या ‘प्रतिनिधी मंडळा’शी बोलणी करण्याचा मध्यम मार्ग निघाला. येथे शब्दयोजनेकडे लक्ष द्यावे: ‘संघटना’ नको, ‘मंडळ’ चालेल! पण त्या मंडळावर संघटनेचे सभासद निवडून येण्यास कोणती आडकाठी होती?

१९१९ च्या कायद्याने पोलिसांना कामगार संघटनेत सामील होण्यास बंदी केली. अग्निशामकांचा हक्क शाबूत राहिला, आणि १९२० मध्ये लंडनमध्ये दोन पाळ्यांची पद्धत आली. पाळी संपली की घरी जाता येणे, ही त्यांच्या दृष्टीने पगारवाढीहून लहान गोष्ट नव्हती.

संपाचा प्रश्न मात्र सुटला नाही. नोव्हेंबर १९७७ मध्ये लंडनसह देशभरातील अग्निशामक वेतनासाठी संपावर गेले, तेव्हा सरकारने सैनिकांना जुने हिरवे बंब देऊन आगी विझवायला पाठविले. संप जानेवारी १९७८ पर्यंत चालला.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ‘प्रतिनिधी मंडळ’ स्वीकारण्यात जवानांनी काय मिळविले व काय सोडले? सुमारे दहा ओळींत लिहा.