विळी आणि कट्यार

धार दोघींनाही असते. मग फरक काय?

वेसाव्याची कोळीण विळीवर मासळी कापते, हे आम्ही रोज पाहतो. विळी पाटाला बसवलेली. पाटावर पाय द्यावा, मग कापावं. शहाळी तासायला कोयता. त्याचं पातं जड, धार एका बाजूला. ही कामाची हत्यारं.

कट्यारीला दोन्हीकडे धार, टोक अणकुचीदार. मूठ आडवी, भोसकताना जोर मिळावा म्हणून. हे शस्त्र झालं.

१९५९ चा शस्त्र कायदाही पाहतो, की वस्तू कशासाठी बनवली? निव्वळ घरकामाची किंवा शेतीची वस्तू तो शस्त्र मानत नाही. पण तोच कोयता माणसावर उगारला, तर गुन्हा होतो. म्हणून आम्ही सांगतो, राग आला की हातातलं आधी खाली ठेवा.