परत यावं लागलं तर हप्ता किती?

न्यू जर्सी, डॅलस, बे एरिया किंवा म्युनिकला वर्षानुवर्षं राहिलेल्या मराठी घरांत सुट्टीच्या दिवशी सोलापूरहून एखादा फोन येतोच. पोरगं बीई झालेलं असतं, एखाद्या विद्यापीठाचं पत्र हातात असतं आणि विचारायचं एवढंच असतं, "काका, एमएस करून पैसे वसूल होतात का?" जाणती मंडळी यावर हो किंवा नाही म्हणत नाहीत. त्यांचा उलटा प्रश्न असतो: परत यावं लागलं तर हप्ता किती बसेल, आणि तो पुण्याच्या पगारातून निघेल का?

हिशेब करून पाहू. चाळीस लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, निम्मी रक्कम पहिल्या वर्षी आणि निम्मी दुसऱ्या. शिकण्याची दोन वर्षं आणि पुढचे सहा महिने हप्ता नाही, पण सरळ व्याज चालूच राहतं. सवलत संपेपर्यंत ते ८ लाख ८० हजार होतं. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ६७ हजार. डॉलर ९० रुपयांना धरला तर हे साडेसातशे डॉलरही होत नाहीत. अमेरिकेत इंजिनिअरची नोकरी असली तर जाणवतही नाहीत. हिंजवडीत सुरुवातीच्या पगारावर असलेल्या पोराला मात्र हेच ६७ हजार झेपत नाहीत, आणि मग हप्ता वडिलांच्या निवृत्तिवेतनावर येतो.

परतण्याची शक्यता नुसती कल्पनेतली नाही. अमेरिकेत पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४. म्हणून प्रवेश घेण्याआधीच अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे वर्गीकरणाचा क्रमांक, तपासावा. नावात 'मॅनेजमेंट' असलेले दोन अभ्यासक्रम सारखेच दिसतात, पण एक स्टेममध्ये असतो आणि दुसरा नसतो. तिथे दोन वर्षांची कमाई हातची जाते. ओपीटीच्या काळात ९० दिवसांहून जास्त बेकार राहिलं तर एफ-१ हा विद्यार्थी-दर्जा धोक्यात येतो. त्यापुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा: वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळे २० हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं. तिथेच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा पुढच्याच महिन्यात झाला. पण २०२६ पासून निवडीत जास्त पगाराच्या अर्जांना झुकतं माप आहे. नुकत्याच पास झालेल्या मुलाला ते जड जातं.

नव्वदच्या दशकात गेलेल्यांचा सल्ला म्हणूनच चाळून घ्यावा. त्यांना ग्रीन कार्डासाठी आजच्यासारखी लांबलचक रांग लावावी लागली नाही. ते मनापासून सांगतात, पण ते त्यांच्या काळचं.

सोलापूरच्या घरांत खरी अडचण तारणाची. जुळे सोलापुरात घर किंवा एनए प्लॉट असेल तर सरकारी बँकेत काम होतं. मोहोळ-मंगळवेढ्याकडे दहा एकर बागायती असली तरी शैक्षणिक कर्जाला ती सहसा चालत नाही, कारण थकलेल्या कर्जापोटी तारण ताब्यात घेण्याचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. सातबारा भरभक्कम आणि बँकेत मात्र नकार, हे ऐकून वडील चक्रावतात. मग पोरगं विनातारण कर्जासाठी खासगी वित्तसंस्थेकडे वळतं. तिथे व्याज जास्त असतं, आणि बऱ्याचदा शिकत असतानाच काही व्याज दरमहा भरावं लागतं. कागदांचा निकाल प्रवेश-अर्जाआधी लावावा, असं बाहेर राहिलेले पालक बजावून सांगतात.

प्राप्तिकरातली शैक्षणिक कर्जाची सवलत फक्त व्याजावर आहे, तीही आठ वर्षं आणि जुन्या करपद्धतीतच. मुलाला भारतात उत्पन्न नसेल तर त्याला तिचा उपयोग नाही. कर्ज वडिलांच्या नावावर असेल आणि हप्ता तेच भरत असतील तर त्यांना आहे. नातेवाइकाकडून घेतलेल्या पैशाला ती नाही.

फुकट सल्ला देणाऱ्या कन्सल्टंटबद्दल एकच: अनेकांना कमिशन विद्यापीठाकडून मिळतं.

कर्जाऐवजी शिष्यवृत्तीची वाट आपल्याकडे जुनी आहे. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या महिना साडेअकरा पौंडांवर, आणि त्या बदल्यात दहा वर्षं बडोद्याची चाकरी करण्याच्या करारावर. मुदत संपल्यावर लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, यांवर १९२० साली ते पुन्हा निघाले. आज अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता आणि विमानभाडं मिळतं. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक आणि उत्पन्नाची अट त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावी. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जरूपी शिष्यवृत्ती देते.

म्युनिककडची मंडळी हसून म्हणतात, आमच्याकडे फीच नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ते खरं आहे. पण बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. ते आपलेच असतात, दरमहा खर्चायला परत मिळतात. पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी जर्मन येत नसेल तर ते दीड वर्ष नुसतं अर्ज करण्यात जातं. म्हणून भाषेचा वर्ग सोलापुरात किंवा पुण्यात असतानाच लावावा.

देशातच राहून गेट परीक्षा देऊन आयआयटीत एमटेक केलं तर उलट महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. जॉर्जिया टेकची ऑनलाइन कॉम्प्युटर सायन्सची पदवी २०१४ पासून चालू आहे आणि तिचा पूर्ण खर्च दहा हजार डॉलरच्या आत बसतो, पण तिच्याबरोबर ओपीटी येत नाही. या दोन वाटांची चौकशी फोनवर क्वचितच होते. लग्नाच्या बाजारात 'अमेरिकेत एमएस' जास्त चालतं, हेही कारण असावं.

तरीही जायचं ठरलं, तर कर्ज लागेल त्याहून दहा टक्के जास्त मंजूर करून ठेवावं. न उचललेल्या रकमेवर व्याज लागत नाही. २०१५ साली ६५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबर २०२५ मध्ये नव्वदीपार गेला. दुसऱ्या वर्षाची फी भरताना घसरलेल्या रुपयाचा फटका बसतो, आणि तेव्हा वाढीव कर्जासाठी वडिलांना बँकेत नव्याने खेटे घालावे लागतात. नोकरी लागल्यावर मात्र तीच घसरण कामी येते: तेवढ्याच डॉलरांत जास्त रुपये फिटतात. शिवाय व्यक्तींनी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, त्यामुळे गाडी घेण्याआधी हे कर्ज उरकून टाकावं असं बे एरियातल्या बहुतेक जोडप्यांचं म्हणणं आहे.