सांदवाडीत उगवलेलं रोप : तरोटा की कासविंदा?



मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की आपल्या गोंदिया जिल्ह्यात सांदवाडीत, कुंपणाच्या कडेला न पेरलेली रोपं भराभर वर येतात. आई म्हणते, "तरोटा आला वाटते, खुडून आण." (कोकणात यालाच टाकळा म्हणतात.) पण त्याच जागी तरोट्याचा भाऊबंद कासविंदाही उगवू शकतो. दोघांची फुलं पिवळी, दोघांना शेंगा. फरक हा की कासविंद्याच्या बिया विषारी असतात. ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात २०१६ मध्ये मेंदूच्या आजाराने शंभरावर मुलं दगावली. जपानी मेंदूज्वर हे एक कारण होतंच, पण तज्ज्ञांनी कासविंद्याच्या बियांकडेही बोट दाखवलं. म्हणून रोप नीट ओळखायला शिकू या.

बी रुजल्यावर सर्वांत आधी दिसतात ती दोन बीजपत्रं. त्यांच्यावरून घाईने नाव ठेवू नका, खरी पानं येऊ द्या. दोघांचीही पानं संयुक्त, म्हणजे एका देठावर पर्णिकांच्या जोड्या. तरोट्यात बहुधा तीन जोड्या, कासविंद्यात चार ते सहा. पण रोप लहान असताना जोड्या कमीच असतात, तेव्हा नुसतं मोजून भागत नाही. टोक बघा. तरोट्याची पर्णिका टोकाकडे रुंद आणि गोलसर, कासविंद्याची निमुळती, टोकदार.

सगळ्यात चांगली खूण मात्र बारीक आहे, भिंग असेल तर घ्या. कासविंद्याच्या देठाच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ, एक छोटी गाठ असते. तरोट्यात तशी गाठ खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये दिसते. चुरगाळून वास घेण्यात अर्थ नाही, उग्र वास दोघांनाही येतो. संध्याकाळी पानंही दोघांची मिटतात.

पुढे शेंगा धरल्या की काम सोपं. तरोट्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, फिकट कडांची.

पाहिलेल्या खुणा वहीत लिहा, पानाचं चित्र काढा आणि घरातल्या आजीला दाखवा. रोप कासविंद्याचं निघालं आणि घरात लहान भावंडं असतील, तर शेंगा धरायच्या आधीच मोठ्यांकडून मुळासकट उपटून घ्या. कुणी बिया खाल्ल्याच, तर उलटी सुरू होण्याची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या आणि झाडाची एक फांदी डॉक्टरांना दाखवायला सोबत ठेवा.