महाशीराच्या वाढत्या गर्भातील जनुकांचा अभ्यास

वेल्हे भागातील आंबी व मोसे या नद्यांचे पाणी पुढे मुठेस मिळते. सन १८३९ मध्ये साइक्स यांनी पुण्याजवळील नदीतील ज्या दख्खनी महाशीराचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले, तो याच नद्यांच्या कुळातील मासा होय. पुढे लोणावळ्यास टाटांच्या केंद्रात त्याची कृत्रिम पैदासही साधली. तथापि फलित अंड्यांपैकी काही गर्भ वाढीच्या मध्येच का मरतात, हा प्रश्न मत्स्यसंवर्धकाच्या पदरच्या पैशाचा आहे.

गर्भाच्या बहुतेक सर्व पेशींत तीच जनुके असतात. मात्र हृदय घडताना काही, तर डोळा घडताना वेगळी जनुके कार्यास लागतात. कार्यरत जनुकाची आर.एन.ए. या द्रव्यात नक्कल निघते. ती मोजली म्हणजे जनुक केव्हा चालू झाले ते कळते. झेब्राफिश या लहान माशाचा संपूर्ण जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला असल्याने त्याच्या नकलांचे तुकडे मूळ ग्रंथाशी ताडून पाहता येतात. ज्या माशाचा असा ग्रंथ हाताशी नाही, त्याचे काय करावयाचे? फाटलेल्या पोथीची पाने जुळवावीत, तसे तुकड्यांची सारखी टोके पाहून संगणकाने नकला जुळवावयाच्या. यासाठी ‘ट्रिनिटी’ ही प्रणाली २०११ पासून उपलब्ध आहे. जुळविलेल्या नकला झेब्राफिशच्या प्रथिनांशी ताडल्या की त्यांची ओळख पटते.

येथे एक मोठी अडचण आहे. झेब्राफिशची गुणसूत्रे ५०, तर महाशीराची १००. त्यामुळे पुष्कळ जनुकांच्या दोन सदृश प्रती असतात व जुळवणीत त्या एकच भासू शकतात. अशा वेळी लांब सलग तुकडे वाचणे अधिक विश्वसनीय, असे आमचे मत आहे.

दुसरे असे की, ताज्या अंड्यातील आर.एन.ए. ही मादीने दिलेली शिदोरी असते. झेब्राफिशमध्ये गर्भाची स्वतःची जनुके मुख्यतः सुमारे तीन तासांनी कार्यास लागतात. म्हणून अगदी आरंभीच्या नमुन्यावरून मादीविषयी अधिक कळते, पिलाविषयी कमी.

प्रयोगशाळेस अंडी देणाऱ्या संवर्धकांनी निदान तीन माद्यांची अंडी वेगवेगळी ठेवावीत. फलनाची वेळ व पाण्याचे तापमान दोन्ही लिहावे. थंड पाण्यात वाढ मंदावते, तेव्हा नुसत्या तासांवरून अवस्था ठरत नाही. आर.एन.ए. लवकर नासते. सबब नमुना फॉर्मालिनमध्ये न ठेवता, प्रयोगशाळेने दिलेल्या संरक्षक द्रवात तत्काळ बुडवावा.